त्रेसष्टमधले सहा : पहिली-दुसरीचे गणित घडवणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
पहिली ते तिसरीच्या गणिताचा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, चाचण्या आणि शिक्षक प्रशिक्षण ठरवणारे राज्यातील सर्व तज्ज्ञ, सदस्य व अधिकारी यांस,

सादर नमस्कार.

मी ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवले. त्यातली बहुतेक वर्षे पहिली आणि दुसरीचे वर्ग माझ्याकडे होते, आणि द्विशिक्षकी शाळांत असताना दोन-दोन इयत्ता एकाच खोलीत, फळ्याच्या मधोमध रेघ मारून सांभाळल्या. निवृत्तीनंतरही शेजारपाजारची मुले संध्याकाळी अंगणात येऊन बसतात, त्यामुळे या वयाच्या मुलांच्या पाट्या आणि वह्या पाहणे अजून सुटलेले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे वयाचा पायाभूत स्तर वेगळा मानला आणि त्यात पहिली व दुसरी धरली. त्या धोरणानुसार आपल्या राज्यात अभ्यासक्रम आणि पुस्तके नव्याने घडत असताना, पहिल्या दोन इयत्तांच्या गणिताबद्दल मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे: दहा सुट्या वस्तूंचा मिळून एक दशक होतो, आणि तो दशक एकाच वेळी एकही असतो आणि दहाही असतो, हे मुलाच्या मनात पक्के होण्यासाठी मराठी माध्यमाच्या मुलाला आपण आज देतो त्याहून अधिक वेळ, आणि तोही थोड्या वेगळ्या वाटेने, द्यायला हवा.

हे मला कशावरून वाटते ते सांगते. दुसरीतली एक मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे. मी एकेक संख्या सांगत होते आणि मुले पाटीवर लिहीत होती. मी 'त्रेसष्ट' म्हटल्यावर तिने पाटीवर आधी ३ काढला. मग पेन्सिल उचलून क्षणभर थांबली, ओठांतल्या ओठांत 'त्रे... सष्ट' असे पुटपुटली, आणि हात तीनच्या डावीकडे नेऊन तिथे ६ लिहिला. पाटीवर ६३ उमटले. शेजारच्या मुलाने ऐकू आले त्याच क्रमाने आधी तीन आणि मग सहा लिहिले, त्याचे ३६ झाले. ज्या दोन अंकांनी एकमेकांकडे तोंड करून बसायचे, ते पाठीला पाठ लावून बसले. मी एकाला बरोबरची खूण केली, दुसऱ्याला चूक सांगितली आणि पुढची संख्या उच्चारली. त्या दिवशी माझ्या हातून जे निसटले ते मला दोन दिवसांनी कळले. मी दोघांनाही जवळ बोलावले, त्रेसष्ट काड्या मोजून त्यांच्यासमोर ठेवल्या, पाटीवर ६३ लिहिले, आणि सहावर बोट ठेवून विचारले, "हा जो सहा आहे, तेवढ्या काड्या मला यातून काढून दे." दोघांनीही सहाच काड्या काढून दिल्या. मग तीनवर बोट ठेवल्यावर तीन काड्या दिल्या. उरलेल्या चोपन्न काड्या जमिनीवर तशाच पडलेल्या होत्या, आणि त्या कोणत्या अंकात गेल्या हा प्रश्न दोघांनाही पडला नव्हता.

ज्या मुलीचे उत्तर बरोबर होते, तिलाही त्रेसष्टमधले सहा म्हणजे साठ हे कळलेले नव्हते. ऐकू येणारा क्रम आणि लिहायचा क्रम उलटा आहे एवढे तिने स्वतःच्या हुशारीने शोधून काढले होते आणि हाताला तशी सवय लावून घेतली होती. पाटीवर जागा मोकळी असल्यामुळे ती सवय चालून गेली. चौकटीच्या वहीत मात्र तिची पहिली चौकट रिकामी राही किंवा सहाचा आकडा आधीच्या संख्येला जाऊन भिडे, आणि आम्ही शिक्षक तिला 'नीट लिही' म्हणून रागावत असू.

आता मराठीतल्या संख्यानामांकडे जरा निरखून पाहावे, अशी माझी विनंती आहे. दोन हा अंक बावीसमध्ये 'बा' होतो, बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे', आणि ब्याऐंशीत 'ब्या'. पन्नास हे बावन्नमध्ये 'वन्न' आणि त्रेपन्नमध्ये 'पन्न' होते, साठचे 'सष्ट' होते, सत्तरचे 'हत्तर', नव्वदचे 'ण्णव'. ज्याला भाषेचा कान आहे त्याला या रूपांमागचा नियम दिसतो. सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र एक ते शंभर हे जवळजवळ शंभर वेगवेगळे शब्दच असतात, आणि त्यातही एकक आधी उच्चारला जातो व दशक नंतर. मी काही वर्षे कर्नाटकच्या सीमेवरच्या जत तालुक्यात होते. तिथे अनेक मुलांच्या घरी कन्नड बोलतात. त्या मुलांना त्रेसष्ट म्हणजे 'अरवत्तमूरु', म्हणजे साठाला जोडून तीन. आधी साठ, मग तीन, आणि लिहितानाही आधी सहा, मग तीन. एकवीसपासून पुढे दशकाचे नाव आणि एककाचे नाव जोडत गेले की कन्नडमध्ये नव्याण्णवपर्यंतचा मार्ग मोकळा होतो. चिनी भाषेत तर पहिली दहा नावे आली की त्यांच्याच जोडणीतून पुढच्या सगळ्या दोन अंकी संख्या बोलता येतात. यात मराठीचा कमीपणा कोणी मानू नये. हिंदी आणि गुजराती मुलांचीही हीच अडचण आहे, आणि जर्मन मुलेसुद्धा त्रेसष्ट म्हणताना आधी तीनच म्हणतात. भाषा म्हणून त्रेसष्ट आणि ब्याण्णव हे आपले सुंदर जुने शब्द आहेत. फक्त, ते शिकायला मुलाला किती कष्ट पडतात याचा हिशेब आपल्या वार्षिक नियोजनात कुठेही दिसत नाही.

निपुण भारत हे अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान यावे असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यात पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या वाचणे-लिहिणे आणि सोपी बेरीज-वजाबाकी, दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतची वजाबाकी, तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि सोपा गुणाकार, अशी लक्ष्ये आहेत. या अभियानाचा हेतू मला मनापासून पटतो, कारण याआधी पहिली-दुसरीच्या गणिताकडे इतक्या गांभीर्याने क्वचितच पाहिले गेले. पण ही लक्ष्ये देशभरातल्या सगळ्या भाषांसाठी एकच आहेत. ९९ पर्यंत वाचायला शिकणे याचा अर्थ जतमधल्या कन्नड शाळेत एक आणि शेजारच्या मराठी शाळेत दुसरा, हे त्या दोन्ही शाळांच्या भिंतींवर लावलेल्या एकसारख्या तक्त्यावरून कळत नाही. मराठी शाळेतले मूल जूनपासून मार्चपर्यंत शब्द पाठ करण्यात गुंतते, आणि दशकाची ओळख, जी खरी गणिताची गोष्ट आहे, ती दोन-चार पानांत आटोपते.

जून २०१९ मध्ये दुसरीच्या नव्या पाठ्यपुस्तकातील संख्यावाचनावरून राज्यभर किती मोठा वाद झाला, हे आपणा सर्वांना आठवत असेल. 'वीस एक', 'सत्तर दोन' अशा वाचनाची थट्टा झाली, विषय विधिमंडळापर्यंत गेला, आणि मराठी भाषेवर घाला घातला जात असल्याचीही टीका झाली. तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्ष गणिती डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण येते, त्यांच्यासाठी सोपी वाट ठेवावी, ही त्यांची भूमिका होती, आणि रूढ शब्द पुस्तकातून काढून टाकलेले नव्हते. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता असे मी तेव्हा शिक्षकांच्या बैठकीत बोलले होते आणि आज इथे लिहून ठेवते. माझा मतभेद एका लहान गोष्टीपुरता होता: 'सत्तर दोन' हे कोणाच्याच तोंडी नसते, म्हणून घरच्या माणसांना ते परके वाटले. 'सत्तर आणि दोन' मात्र कोणाही मराठी माणसाच्या तोंडी सहज बसते. मी वर्गात काड्यांचे सात गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दाखवून मुलांकडून आधी 'सत्तर आणि दोन' म्हणून घेत असे, आणि लगेच 'बाहत्तर' म्हणत असे. पहिले नाव गठ्ठ्यांकडे पाहून म्हणायचे, दुसरे गावाकडे पाहून, असे मुलांना सांगितले की त्यांना त्यात काही गोंधळ वाटत नसे. काही महिन्यांनी पहिले नाव आपोआप गळून पडे. तो वाद ज्या वळणावर थांबला तिथे तो राहू नये. नव्या पुस्तकांत ही जोडवाचनाची पद्धत पायरी म्हणून उघडपणे यावी, आणि शिक्षक हस्तपुस्तिकेत तिचे कारण लिहिलेले असावे, म्हणजे पालकांनी विचारले तर शिक्षकाला उत्तर देता येईल.

सगळ्यात अवघड संख्या कोणत्या, असे मला कोणी विचारले तर मी एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी या सांगेन. कानाला साठ ऐकू येते आणि लिहायचे पाचने सुरू होणारे. मुले एकोणसाठ ऐकून ६९ लिहितात, ६१ लिहितात, कधी ६० लिहून पुढे काय करायचे म्हणून थांबतात. पण याच शब्दांत मला शिकवण्याची फार मोठी संधी सापडली. 'ऊन' म्हणजे कमी. एकोणसाठ म्हणजे एकाने कमी असलेले साठ. शंभर मण्यांची माळ वर्गात दोन खिळ्यांना बांधून, दहा लाल आणि दहा पांढरे मणी आलटून पालटून ओवले, की साठाव्या मण्यावर चिमटा लावायचा, मग एक मणी मागे यायचे आणि विचारायचे, "साठला किती कमी पडले?" "एक." "म्हणून हा एकोणसाठ." त्यानंतर एकोणसत्तर, एकोणऐंशी मुलेच शोधत. नव्व्याण्णवला हा नियम चालत नाही, तेवढे एक वेगळे सांगावे लागे. आणि हाच 'ऊन' पाऊणमध्येही आहे: पाव कमी असलेला एक म्हणजे पाऊण, पाव कमी असलेले दोन म्हणजे पावणेदोन. तिसरी-चौथीत अपूर्णांक येतात तेव्हा आम्ही कागदाला घड्या घालून पाव आणि अर्धा असे नव्याने शिकवू लागतो, पण तोपर्यंत मुलाने पाव किलो शेंगदाणे आणलेले असतात, पावणेआठची एसटी पकडलेली असते, दीड तास बसून क्रिकेट पाहिलेले असते. सव्वा, दीड, अडीच, साडेतीन यांसाठी स्वतंत्र नावे असलेली भाषा मूल घरून घेऊन येते. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ केली. ती पाठांतरे परत आणावीत असे मी म्हणत नाही, पण त्या शब्दांमागचे गणित पाठ्यपुस्तकाने उपयोगात आणले नाही तर आपण हाती आलेले धन बाजूला ठेवतो.

दशक कळलेला नसताना मूल पुढे गेले की काय होते, ते वजाबाकीत उघड होते. ५२ मधून २७ वजा करायला सांगितले की वर्गातली निम्मी मुले ३५ लिहितात. पाचातून दोन गेले तीन, आणि सातातून दोन गेले पाच. मोठ्यातून लहान वजा करायचे हा नियम त्यांनी प्रामाणिकपणे पाळलेला असतो. मग आम्ही शिकवतो: दोनातून सात जात नाहीत, शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्या, दोनाचे बारा करा. एकदा एका मुलाने विचारले, "बाई, उसना घेतला तो परत कधी द्यायचा?" त्याचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण घरी उसनी साखर आणली तर ती परत द्यावी लागते. शिवाय, एक उसना घेतला तर दोनाचे तीन व्हायला हवेत, बारा कसे झाले, हाही प्रश्न त्याच्या मागे उभा होता, पण तो त्याने विचारला नाही. त्याचे आजोबा घरी दुसऱ्याच रीतीने वजाबाकी करत: बारातून सात गेले पाच, हातचा एक, तो खालच्या दोनात मिळवून तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर तेच २५. जुन्या पिढीतले अनेक जण अजून असेच करतात, आणि ती रीतही पूर्ण शास्त्रशुद्ध आहे, कारण दोन्ही संख्या दहाने वाढवल्या तरी त्यांच्यातला फरक तसाच राहतो. पण घरची रीत एक, शाळेची दुसरी, आणि दोन्हींचे कारण कोणी सांगितलेले नाही, अशा स्थितीत मूल दोन्हींतले तुकडे एकत्र करून तिसरेच उत्तर आणते.

यावर उपाय बाजारात आहे. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी मुलाच्या हातात द्या आणि त्याला सत्तावीस रुपये द्यायला सांगा. दोन नोटा ते लगेच देते, मग नाण्यांकडे पाहते, आणि "सुटे करून द्या" म्हणते. दहाची एक नोट मोडून दहा सुटे घेतले, त्यात आधीची दोन नाणी मिळवली, बारा झाले, सात दिले, पाच उरले. नोट मोडणे आणि सुटे घेणे हे शब्द प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहेत, आणि आपल्या दशक-सुटे साहित्यातही 'सुटे' हाच शब्द आहे. मग वर्गातून 'उसना' हा शब्द काढून त्या जागी 'दशक मोडून सुटे केले' असे म्हणायला काय हरकत आहे? मी शेवटची बारा-तेरा वर्षे असेच म्हणत आले. 'असर' या शालेय शिक्षणाच्या स्थितीच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी वजाबाकी, दशक मोडून करावी लागते ती, करता आली. दर तीन मुलांपैकी दोन मुले त्या पायरीशी थांबलेली आहेत. त्या दोघांना सराव कमी पडला असे समजून आणखी दहा वजाबाक्या दिल्या जातात, आणि ती मुले ३५ हेच उत्तर आणखी दहा वेळा, आणखी वेगाने लिहायला शिकतात.

बाजारातले गणित मात्र आपोआप वहीत उतरत नाही, हेही मान्य करायला हवे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाला अवघड हिशेब तोंडी अचूक सांगणारी ती मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेली सोपी उदाहरणे सोडवू शकली नाहीत, आणि शाळेत चांगली असलेली मुले बाजारातल्या हिशेबात अडखळली. माझ्या वर्गात आठवडी बाजारात आईशेजारी बसून कोथिंबिरीच्या जुड्या विकणारा मुलगा होता. पन्नासची नोट दिली तर किती परत द्यायचे हे तो माझ्याआधी सांगे, आणि पाटीवर पन्नास वजा बारा मांडले की गप्प बसे. तो गणितात कच्चा नव्हता. त्याच्या तोंडी हिशेबापासून उभ्या मांडणीपर्यंत पूल बांधायचे काम माझे होते. पाठ्यपुस्तकात नाणी-नोटांचे चित्र दिले की तो पूल झाला, असे होत नाही. मुलाने तोंडी केलेला हिशेब त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचा, बारापासून वीसपर्यंत आठ, वीसपासून पन्नासपर्यंत तीस, मिळून अडतीस, आणि मग तेच उभ्या मांडणीत कसे दिसते ते शेजारी मांडायचे, एवढी जागा आणि एवढा वेळ नियोजनात असावा लागतो.

एका खुणेविषयी थोडे लिहिते, कारण तिच्याकडे मराठीतून फारसे कोणी पाहिलेले मला आढळले नाही. '=' ही खूण आपण 'बरोबर' अशी वाचतो. मराठीत बरोबर म्हणजे अचूक, बरोबर म्हणजे सोबत, आणि बरोबर म्हणजे समान. मुलाच्या कानी आयुष्यभर पहिले दोन अर्थ पडलेले असतात. 'आठ अधिक चार बरोबर' असे ऐकले की त्याला ती आज्ञा वाटते: आता अचूक उत्तर लिही. म्हणून ८ + ४ = □ + ५ असे लिहिले की चौकटीत १२ लिहिणारी मुले तिसरीतही भेटतात, आणि काही तर पुढे १७ सुद्धा लिहून ठेवतात. पहिलीपासून तराजूच्या दोन पारड्यांवर मणी ठेवून, दोन्हीकडे 'सारखे' झाले की ही खूण मांडायची, आणि वाचतानाही काही काळ 'म्हणजे तेवढेच' असे म्हणायचे, हा माझा अनुभवाचा उपाय आहे. ७ = ३ + ४ असे उलटे लिहिलेले वाक्यही मुलाला पहिलीतच दिसले पाहिजे.

शाब्दिक उदाहरणांबद्दल थोडक्यात. 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी, अशा खुणा शिकवण्याची रीत पुस्तकांतून आणि विशेषतः मार्गदर्शिकांतून जावी. सीताकडे ८ चिंचा आहेत, त्या रमेशकडच्या चिंचांपेक्षा ३ ने जास्त आहेत, तर रमेशकडे किती, हे विचारल्यावर 'जास्त' हा शब्द धरून मुले ११ सांगतात. ज्या मुलाने चिंचोके मांडून पाहिले ते ५ सांगते.

पाढ्यांच्या बाबतीत मी जुन्या मताची आहे, हे स्पष्टपणे सांगते. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा ही लय मुलांना आवडते आणि पाढे तोंडपाठ असलेल्या मुलाला पुढे भागाकारात किती मोकळे वाटते हे मी पाहिलेले आहे. पाठांतराला नाव ठेवणाऱ्यांनी चौथीतल्या भागाकाराच्या तासाला एकदा बसावे. पण पाढा आधी बांधला जावा आणि मग पाठ व्हावा. माझ्याकडे तीस अंड्यांचा रिकामा ट्रे असे. तो आडवा धरला की पाच ओळींत सहा-सहा खळगे, उभा धरला की सहा ओळींत पाच-पाच. एका मुलीने तो ट्रे हातात फिरवत फिरवत विचारले होते, "बाई, म्हणजे सहा पंचे आणि पाच सक एकच?" त्यानंतर तिला पाठ करायचे पाढे निम्मे उरले. दुसरीत अशा ट्रेसाठी, फरशीच्या चौकटींसाठी, रांगेत लावलेल्या रोपांसाठी चार आठवडे दिले तर तिसरीत पाढे पाठ करून घ्यायला त्याहून कमी वेळ लागतो.

साहित्य शाळेपर्यंत पोहोचते, पण मुलाच्या हातापर्यंत पोहोचेलच असे नाही. एका शाळेत मी बदलून गेले तेव्हा गणित पेटी कपाटात जशीच्या तशी होती. मणी हरवले, दांडे तुटले तर भरपाई कोणी करायची या भीतीने ती कोणी उघडलीच नव्हती. दर वर्षी थोडे साहित्य हरवणारच आणि तुटणारच असे गृहीत धरून, त्याची नोंद शिक्षकाविरुद्ध जाणार नाही असा एका ओळीचा आदेश निघाला तरी अनेक पेट्या उघडतील. काड्या, चिंचोके आणि बिट्ट्या यांना तर कोणाची परवानगी लागत नाही, पण तपासणीला येणाऱ्या साहेबांना भरलेल्या वह्या दिसाव्या लागतात आणि जमिनीवर पसरलेले चिंचोके पाहून वर्गात काम चालले नाही असे त्यांना वाटते. हे माझ्याबाबतीत एकदा झाले आहे, म्हणून लिहिले.

आपल्याकडे माझे मागणे असे आहे. पहिलीत वर्षाचा मोठा भाग वीसपर्यंतच्या संख्यांसाठी आणि दहाची जोडी शोधण्यासाठी राखून ठेवावा. सातला दहा व्हायला तीन हवेत हे ज्याला डोळे मिटून सांगता येते, त्याला पुढची बेरीज जड जात नाही. एकवीस ते नव्याण्णव या संख्या पहिलीत ऐकाव्यात, म्हणाव्यात, माळेवर शोधाव्यात, पण त्यांच्या लेखनाची पक्की अपेक्षा दुसरीच्या दिवाळीपर्यंत लांबवावी. राष्ट्रीय लक्ष्य पहिलीचे आहे याची मला जाणीव आहे, तरी राज्याला आपल्या भाषेचे कारण मांडून ही मुदत मागता येईल, आणि ती मागायला हवी. उभ्या मांडणीची वजाबाकी त्यानंतरच यावी. दुसरीअखेरच्या चाचणीत लेखी उदाहरणांच्या जोडीने प्रत्येक मुलाची पाच मिनिटांची तोंडी भेट असावी, ज्यात शिक्षकाने एकाच संख्येबद्दल विचारावे: ही वाच, हिच्यातल्या या अंकाएवढ्या काड्या दे, हिच्यात आणखी एक दशक घातला तर किती होतील. पंचवीस मुलांच्या वर्गात याला दोन-अडीच तास लागतात. पोर्टलवर भरायचे गुण त्यातून निघोत वा न निघोत, शिक्षकाला उद्या काय शिकवायचे ते त्यातून नक्की कळते. आणि एकशे सहा हे १००६ असे लिहिणाऱ्या मुलाला शून्य गुण देण्याआधी, त्याने शंभर आणि सहा ही दोन्ही बरोबर ऐकलेली आहेत, एवढे तरी प्रशिक्षणात प्रत्येक शिक्षकाला सांगितले जावे.

नव्या पुस्तकांचे मसुदे सूचनांसाठी खुले होतील तेव्हा मी ते पाहणार आहे. दुसरीच्या पुस्तकात दशकाला किती पाने मिळाली आहेत आणि उभी वजाबाकी कितव्या पानावर सुरू होते, हे मी सर्वांत आधी मोजेन. एखाद्या शाळेत प्रायोगिक वर्ग घ्यायचा असेल, मणीमाळ ओवायची असेल किंवा तोंडी भेटीचे प्रश्न मुलांसमोर तपासून पाहायचे असतील, तर आपल्या एका निरोपावर मी स्वखर्चाने येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सांगली जिल्हा